दाराशी ठेवलेली अर्धी वीट

शिरूर तालुक्यात घर गरम ठेवायचं म्हणजे वेड्याचा उद्योग, असं मी स्वतःच लोकांना ऐकवत आलो. आमच्याकडे माणूस आठ महिने घर गार कसं राहील याच्याच मागे असतो. स्लॅबला चुना मारा, वर ओली पोती टाका, दुपारी लिंबाखाली बाज टाकून पडा. न्हावऱ्याच्या शिवारात मी नवं घर बांधलं तेव्हा सगळा विचार उन्हाळ्याचाच केला होता. थंडी म्हणजे दिवाळीनंतरचे दोन महिने, एक स्वेटर आणि अंगणात शेकोटी, संपला विषय. त्याच घरात, थंडीपासून जपता जपता, माझी मुलगी आणि तिचं अकरा दिवसांचं बाळ मरता मरता वाचलं. आता त्याला दोन वर्षं होतील.

मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. स्वभाव तापट. घरात एखादा नळ ठिबकत असला तर मला जेवण जात नाही. नव्या घराची मागची खोली मी खास मुलीसाठी केली होती, दौंडहून माहेरी आली की राहायला. उन्हाळ्यात तिला त्रास नको म्हणून तिथं एसी बसवला. बसवायला आलेला माणूस म्हणाला, फट राहिली की गारवा पळतो. मग मी हट्टाला पेटलो. सरकत्या खिडक्यांना रबर, दोन्ही दारांच्या चौकटींना रबर, खालच्या बाजूला रबरी पट्टी. दार लावलं की बाहेरच्या म्हशीचं ओरडणंसुद्धा आत येत नसे. पाहुण्यांना मी ते मुद्दाम लावून दाखवायचो.

आईला ती खोली कधीच आवडली नाही. ती म्हणायची, कोंडल्यागत होतं. आमची माणसं मूळची मेंढरामागची. वडिलांनी मेंढरं विकून चार एकर घेतले, कांदा आणि ऊस करू लागले, तेव्हा कुठं आमच्या डोक्यावर पत्रा आला. मी जन्मलो तो कुणाच्या तरी मोकळ्या रानात, कळप बसवला होता तिथं. आईनं मला तीन दगडांच्या विस्तवाशेजारी घोंगडीत घेऊन शेकलं. आयुष्याची पहिली तीस वर्षं तिनं विस्तव पाहिला तो आभाळाखाली. त्यामुळे विस्तवाची तिला भीती नव्हती, पण छपराखालच्या विस्तवावर तिचा विश्वासही नव्हता.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती पौषात. माझी बायको मुलगी दहावीत असतानाच गेली, त्यामुळे सगळं करणार ती आईच. शिरूरला दवाखान्यात मुलगा झाला, चौथ्या दिवशी आम्ही घरी आणलं, आणि त्याच आठवड्यात थंडीनं जोर धरला. स्लॅबचं घर उन्हाळ्यात जेवढं तापतं तेवढंच थंडीत गारठतं, हे मला तेव्हा कळलं. मागं कांद्याला पाणी चालू, त्यावरून येणारा वारा अंगात शिरायचा. फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता.

मी शिरूरला जाऊन हीटर आणला. दुकानदाराला माळ्यावरून खोकं काढून त्याच्यावरची धूळ झटकावी लागली. कुठं हिमालयात चालला काय, असं त्यानं विचारलंच. घरी आणून लावला, तर आसपासच्या विहिरींच्या मोटारी सुरू झाल्या, विजेचा दाब उतरला आणि हीटरच्या तारा नुसत्या पिवळ्या पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी खटका पडायला लागला. मी तीनदा खटका वर केला, तीनदा पडला. आई दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. हा दिवा बाळाला काय शेकणार, असं म्हणून ती मागच्या चुलीकडे गेली.

मग तिनं तिच्या पद्धतीनं सुरुवात केली. माळ्यावरची जुनी सुंभाची बाज खाली उतरवली, कारण पलंगाच्या गादीतून धग वर येत नाही. रोज सकाळी आधी बाळाला तेल लावून आंघोळ, मग बाळंतिणीला. चुलीतले बाभळीचे निखारे घमेल्यात घेऊन ती ते अंगणातच पुष्कळ वेळ ठेवायची. धूर पुरता गेला, निखारा लाल झाला, की घमेलं बाजेखाली. वर चिमूटभर ओवा आणि बाळंतशेपा टाकला की खोलीभर वास दरवळायचा. आणि घमेलं आत नेण्याआधी ती एक गोष्ट न चुकता करायची. बांधकामातली उरलेली एक अर्धी वीट अंगणाकडच्या दाराच्या फटीत ठेवायची. दार चार बोटं उघडं राहायचं. चहा व्हायला लागतो तेवढ्या वेळात शेक आटोपून घमेलं परत बाहेर यायचं.

ती वीट माझ्या डोळ्यात खुपायची. एवढा खर्च करून खोली बंदिस्त केली, आणि ही बाई बाळंतिणीच्या अंगावर पौषातला वारा सोडते. मी म्हणालो, धग बाहेर जाते, मग शेकायचं कशाला? आई म्हणाली, "धगीला वाट पायजे." एवढंच. का पाहिजे ते तिला सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नाही म्हणजे ते खोटं, असा माझा समज. मी वीट काढायचो, ती परत ठेवायची. पोरगी बाजेवरून आमची ही मारामारी बघत हसायची.

दहाव्या दिवशी बाळ दोनदा शिंकलं. तान्ही पोरं शिंकतातच, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या वेळी मला वाटलं, लागला वारा. आई चुलीकडे गेली तशी मी पायानं वीट बाजूला सारली आणि दार लावून घेतलं. ती थोड्या वेळानं घमेलं न्यायला आली, तिनं दार बंद पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही दारं सताड उघडली. दुपारी मुलगी म्हणाली, डोकं फार दुखतंय. मग तिला एक उलटीही झाली. मी आईला म्हणालो, बघ, वारंच बाधलंय. आई म्हणाली, दार बंद होतं म्हणून झालं. मी तिला उडवून लावलं. बंद दारानं कुणाचं डोकं दुखतं काय, असं मी, कंपनीत बावीस वर्षं काढलेला माणूस, तिला विचारत होतो.

अकराव्या दिवशी कंपनीला सुट्टी होती. सकाळी आंघोळी झाल्या. आईनं वीट लावली, घमेलं बाजेखाली ठेवलं. लाइट गेलेली, टाकीत पाणी नाही, म्हणून बाळाची दुपटी धुवायला ती विहिरीवर निघाली. जाताना मला सांगून गेली, चहा प्यालास की घमेलं बाहेर काढ. मी हो म्हणालो. ती बांधापलीकडे दिसेनाशी झाली तसा मी खोलीत गेलो. अर्धी वीट उचलली आणि अंगणाच्या भिंतीवरून कांद्याच्या वाफ्यात भिरकावून दिली, म्हणजे रोजची कटकटच नको. दार खट् आवाज येईपर्यंत लावलं. चुलीतले आणखी दोन पळ्या निखारे आणून घमेल्यात टाकले. त्यांचा धूर जायचीही मी वाट पाहिली नाही.

मुलगी बाळाला कुशीत घेऊन पडली होती. मी विचारलं, आता बरं वाटतंय ना? ती म्हणाली, हो पप्पा, छान ऊब आली. मला इतकं समाधान वाटलं की काय सांगू. घराच्या बाजूचं दारही मी ओढून घेतलं आणि पुढच्या ओट्यावर उन्हात फोन बघत बसलो. घमेलं बाहेर काढायचं माझ्या डोक्यातून साफ गेलं. खरं सांगायचं तर मी ते मुद्दामच राहू दिलं, पोरीला जरा जास्त शेक मिळू दे म्हणून.

किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही. आई दुपटी घेऊन परत आली, ती वाळत घातली, आणि मध्येच थांबली. म्हणाली, पोराची प्यायची वेळ टळून गेली, रडलं कसं नाही? मी म्हणालो, झोपलंय, ऊब मिळाली की झोपतंच. ती आत गेली. आणि मग तिनं मला हाक मारली. तशी हाक मी लहानपणी एकदाच ऐकली होती, कळपात लांडगा शिरला होता तेव्हा.

मी पोचलो तोवर ती बाळाला छातीशी धरून अंगणात आली होती. मी आत शिरलो. ओव्याचा वास, गरम हवा, आणि बाजेवर माझी पोर. तिच्या गालांवर लाली होती. क्षणभर मला वाटलं, किती गाढ झोप लागली आहे. मी तिला हलवलं, तर तिचा हात बाजेवरून खाली लोंबला. तिला खांद्यावर टाकून मी बाहेर आणलं. तिला मातीतच आडवं केलं, तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या. ज्या वाऱ्यापासून मी तिला जपत होतो त्याच वाऱ्यात तिला ठेवून मी देवाला म्हणत होतो, आणखी सुटू दे वारा.

आईनं बाळाला हातावर पालथं घेतलं होतं आणि ती त्याची पाठ चोळत होती. बाळ निळं नव्हतं, गोरंपान होतं, पण कापडाच्या बाहुलीसारखं लुळं पडलं होतं. मग ते अगदी बारीक, मांजराच्या पिलाएवढं रडलं. त्यानंतर थोड्या वेळानं मुलगी ओकली आणि तिनं डोळे उघडले. तिला मी कोण ते कळत नव्हतं. शेजारच्यांनी गाडी काढली आणि आम्ही शिरूर गाठलं.

दोघांनाही ऑक्सिजन लावला. मी बाहेर बाकड्यावर बसलो आणि मला एक वाक्य ऐकू यायला लागलं. कंपनीत टाकी साफ करायला माणूस उतरवायचा असला की आधी आतली हवा तपासायची, बाहेर एक माणूस उभा करायचा, मग कागदावर सही. ती सही माझी असते. बिहार-यूपीकडच्या पोरांना मी रोज बजावतो, "पहले हवा, फिर आदमी." बंद जागेत जळतं काही असलं तर वास न येताही माणूस जातो, हे मी त्यांना किती वेळा समजावून सांगितलं असेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्या पोरीच्या खोलीची मी सही न करताच टाकी करून टाकली होती. कंपनीच्या गेटच्या आत जे मला कळत होतं ते घराच्या उंबऱ्यात कळलं नाही.

डॉक्टर बाहेर आले. वयानं माझ्या मुलीएवढेच. म्हणाले, दोघंही वाचतील, अजून थोडा उशीर झाला असता तर मी हे म्हणू शकलो नसतो. मग त्यांनी विचारलं, निखारे ठेवून खोली बंद कुणी केली?

मी तोंड उघडलं. माझ्या आधी आई बोलली. "म्या केली. मला कळलं न्हाई."

तिनं विहिरीवरून येऊन दार बंद पाहिलं होतं, वीट जागेवर नाही हे पाहिलं होतं. तिला सगळं माहीत होतं. मी तिच्याकडे बघत राहिलो. डॉक्टर तिला चार शब्द बोलले, अडाणीपणावर बोलले, जुन्या खुळांवर बोलले. ती मान खाली घालून ऐकत होती, आणि मी माझं उघडलेलं तोंड मिटून घेतलं. त्या दिवशी मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का हाच होता, की ते किती सहज मिटलं.

दुपारी दौंडहून जावई आणि विहीणबाई आल्या. म्हातारीनं निखारे ठेवून खोली कोंडली, असं विहीणबाईंना पायरीवरच कुणीतरी सांगितलं होतं. त्या आईसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजीबाई, तुमी मेंढरं शेकली असतील. ही माणसं हायेत." आई म्हणाली, "व्हय, चुकलं माझं." मी शेजारी उभा होतो. माझ्या हातात औषधांची पिशवी होती, ती मी या हातातून त्या हातात घेतली, एवढंच केलं.

दवाखान्यातून मुलगी घरी आलीच नाही, त्यांनी तिला थेट दौंडला नेलं. बारसं तिकडेच झालं. आईही बारशाला आली होती. पाळण्याभोवती बायकांची गर्दी होती आणि ती भिंतीला टेकून बसली होती. बाळ हातोहात फिरत होतं. तिच्यापर्यंत आलं तेव्हा एक बाई म्हणाली, असू द्या आजी, तुम्ही नका घेऊ. आईनं पुढं केलेले हात पदराला पुसले आणि परत मांडीवर ठेवले. घरी आल्यावर मी मागच्या खोलीतलं सगळं रबर पकडीनं ओरबाडून काढलं. बैल गेला आणि झोपा केला. आई बघत होती. मी तिला विचारलं, तू का अंगावर घेतलंस?

ती म्हणाली, "तुला जन्मभर पोरीच्या दारात जायचंय. मी कुठं जाती आता."

दोन वर्षं मी दौंडला जात होतो. विहीणबाई चहा द्यायच्या, नातू माझ्या खांद्यावर बसायचा, आणि कुणा पाहुण्याला माझी ओळख करून देताना माझ्या आईचा विषय निघाला की त्या म्हणायच्या, ती म्हातारी, जिनं पोराला कोंडलं होतं ती. मी चहा संपवायचो. नंतर नंतर तर मला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं की काय, कोण जाणे.

या दिवाळीनंतर मुलीचा फोन आला. दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते. दुसरं बाळंतपण सासरीच करतात, पण तिला माहेरी यायचं होतं, आजीच्या हातची आंघोळ हवी होती. सासूबाईंनी साफ नाही म्हटलं होतं. त्या घरात म्हातारी आहे तोवर नाही. सांगता सांगता ती रडायला लागली. आई अंगणात लसूण सोलत होती, तिला अर्धंमुर्धं ऐकू जात असावं, कारण तिचे हात थांबले होते. मी उठून आत गेलो आणि म्हणालो, बाळ, तुला एक सांगायचंय. ती वीट मी फेकली होती. दार मी लावलं होतं.

ती म्हणाली, "पप्पा, मी जागी होते ना. तुम्ही विचारलंत, बरं वाटतंय का. मी हो म्हणाले."

दोन वर्षं मी जे पोटात लपवत होतो ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अर्थातच ठाऊक होतं, ती तिथंच तर पडली होती. तिनंच फोनवर पुढचं सांगितलं: शुद्धीवर आल्यावर ती पहिल्यांदा आजीलाच हे बोलली होती, आणि आजीनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता. बापाची मान खाली जाईल, तू गप्प राहा, तो सांगंल तवा सांगंल. आणि त्या दोघी वाट पाहत राहिल्या. मी प्रत्येक खेपेला दौंडला जायचो, आणि दार उघडताना ती माझ्या चेहऱ्याकडे बघायची, ते का बघायची ते मला आत्ता कळत होतं.

मी म्हणालो, मला माफ कर. ती म्हणाली, "मला काय सांगताय? त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि एसटीनं दौंडला गेलो. विहीणबाईंनी चहा ठेवला. मी म्हणालो, चहा नको, आधी ऐका. आणि सगळं सांगितलं, शिंकेपासून विटेपर्यंत, जादा टाकलेल्या निखाऱ्यांसकट. जावई उठून खिडकीपाशी गेले. नातू माझ्या गुडघ्याला धरून उभा होता. विहीणबाई मला शिव्या देतील असं मला वाटत होतं, आणि त्यांनी द्याव्यात असंही वाटत होतं. त्यांनी चहाचं भांडं खाली उतरवलं आणि गॅस बंद केला.

मग म्हणाल्या, "मी त्या माऊलीला भर दवाखान्यात बोलले. तुमी शेजारी हुता."

मी हो म्हणालो.

मुलगी मार्गशीर्षात माहेरी आली. तिला सोडायला विहीणबाई स्वतः आल्या, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधी त्या आईच्या पाया पडल्या. आई एकदम मागं सरली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. तिला आनंद झाला नाही. ती माझ्यावर चिडली, भाकरी थापतानाही चिडलेलीच होती, कशापायी सांगायला गेलास म्हणून. मग म्हणाली, "सांगितलंस ते सांगितलंस. आता वीट आण."

ती अर्धी वीट मी दोन वर्षांत कितीदा वाफ्यात शोधली होती, मला ती कधी सापडली नव्हती. मी म्हणालो, हरवली, दुसरी आणतो. आई उठली. देवळीतल्या डब्यामागं हात घालून तिनं ती बाहेर काढली, धुऊनपुसून ठेवलेली, आणि माझ्या हातात दिली.